मालवण किनाऱ्यावरील स्त्रियांचे समूहगायन : एक ऐतिहासिक विचार

एखाद्या गायनसंस्थेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास अभ्यासकाच्या हाती काही ठराविक साधने असतात. स्थापनेची तिथी, संस्थेची घटना, सभासदांची नोंदवही, जमाखर्चाच्या वह्या आणि वर्तमानपत्रांतील वृत्ते यांच्या आधारे तिची वाटचाल उभी करता येते. मालवण किनाऱ्यावरील स्त्रियांच्या समूहगायनाला यांपैकी कोणतेही साधन लाभलेले नाही. त्याला संस्थापक नाही, नाव नाही, दप्तर नाही. तथापि भाद्रपदात चवथीच्या दिवसांत घरोघरी घुमणारी फुगडीची गाणी, पौषातील चांदण्या रात्री मांडावर उभ्या राहणाऱ्या धालोच्या रांगा आणि लग्नघरातील ओव्या पाहिल्या म्हणजे या मुलखातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या समूहाने गात आल्या आहेत याविषयी शंका राहत नाही.

दप्तर नसलेल्या समूहाचा इतिहास कशावरून लिहावा, हा येथील मूळ प्रश्न होय. गाण्यांच्या शब्दांवरून, असे त्याचे उत्तर आजवर बहुधा दिले गेले आहे. ते उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. गाणे कोण उचलते, ते परत कोण म्हणते, गाणाऱ्या स्त्रिया कोठे व कशा उभ्या राहतात आणि तेथे कोणाला मज्जाव असतो, ही जी समूहाची बांधणी, तीही शब्दांइतकाच, किंबहुना काही बाबतींत शब्दांहून अधिक भक्कम असा ऐतिहासिक पुरावा आहे. प्रस्तुत लेखात या बांधणीच्या अंगाने विचार केला आहे.

१. प्रदेश आणि त्याची राजवट

आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. तत्पूर्वीचा या भागाचा इतिहास एकसंध नाही. मालवण व सिंधुदुर्ग किल्ला करवीरकरांकडे होता. १८१२ च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लेही इंग्रजांनी घेतले. सावंतवाडी संस्थान मात्र १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत टिकून राहिले. दक्षिणेस पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले व १९६१ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

राजकीय सीमा अशा तीन असल्या तरी स्त्रीगीतांच्या दृष्टीने हा मुलूख सलग आहे. धालो पेडणे-सत्तरीत आहे, तसाच सावंतवाडी-दोडामार्गाकडील गावांतूनही आहे. फुगडी तर सर्वत्रच आहे. ही सलगता टिकण्याचे कारण सोयरिकीत सापडते. मुलगी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नांदावयास जाई आणि तिच्याबरोबर तिची गाणीही जात. ज्या सीमेवर मालाला जकात पडे, तिच्यावरून गाणे विनाजकात जाई. म्हणून या समूहगायनाचा विचार तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या हद्दीत न करता सोयरिकीच्या क्षेत्रात करावा लागतो.

२. लेखी साधनांची साक्ष

स्त्रियांच्या गाण्याविषयीचे जुने लेखी उल्लेख थोडे आहेत. पण जे आहेत ते मोलाचे आहेत. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे रचला गेलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ ओवीची दखल घेतो आणि महाराष्ट्रात स्त्रिया कांडणाच्या वेळी ओवी गातात असे नमूद करतो. ओवी म्हटली की आज आपल्यासमोर जाते उभे राहते. ग्रंथकाराने मात्र नाव घेतले आहे ते कांडणाचे. भातावर जगणाऱ्या कोकणच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. जात्यावर एक किंवा फार तर दोन स्त्रिया बसतात. कांडणाला मात्र एकाच उखळाभोवती दोघी-तिघी उभ्या राहून पाळीपाळीने मुसळ टाकतात. एकीचे मुसळ वर असताना दुसरीचे खाली यावयास हवे. लय चुकली तर मुसळावर मुसळ आदळते. येथे गाणे केवळ विरंगुळ्याचे राहत नाही, ते कामाचे साधन बनते. एकीने म्हणावे व दुसरीने घ्यावे या रीतीचे मूळ अशा श्रमात असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे.

तेराव्या शतकातील महदंबेचे धवळे हा दुसरा उल्लेख होय. महानुभाव पंथाच्या या कवयित्रीने गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीलेप्रसंगी ते रचले, अशी त्यांची कथा आहे. धवळा म्हणजे विवाहगीत. पंथातील विदुषीने लोकरूढ स्त्रीगीताचा साचा उचलून त्यात कृष्ण-रुक्मिणीची कथा ओतली, याचा अर्थ तो साचा त्यापूर्वीच रूढ होता. उत्तर कोकणात लग्नविधी गाऊन साजरे करणाऱ्या स्त्रीला धवलारीण म्हणतात. त्या नावात हा जुना शब्द अद्याप जिवंत आहे.

तिसरा उल्लेख सर्वांत बोलका आहे. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढून नवख्रिस्ती कुटुंबांतील अनेक देशी रीतिरिवाजांवर बंदी घातली. लग्नप्रसंगी म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांचा त्यात नावानिशी निर्देश असून त्या उघडपणे अथवा घरात, कोठेही म्हणू नयेत असे फर्माविले होते. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या इन्क्विझिशनविषयक ग्रंथामुळे हा जाहीरनामा अभ्यासकांना सुलभ झाला. गोव्यात धर्मांतरास सोळाव्या शतकात प्रारंभ झाला होता. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनीही ओवी बंद करण्यासाठी स्वतंत्र हुकूम काढावा लागला, ही गोष्ट त्या हुकमाच्या उद्देशाच्या अगदी उलट साक्ष देते. देव बदलले, नावे बदलली, तरी लग्नघरातील बायकांचे गाणे बदलले नव्हते. ‘घरातही म्हणू नये’ या कलमावरून तर गाण्याची खरी जागा कोणती होती हेही कळून येते.

या तिन्ही साधनांत एक साम्य आहे. राजग्रंथ, पंथीय वाङ्मय आणि धर्मसत्तेचा हुकूम ही तिन्ही समूहाच्या बाहेर उभी राहून गाण्याकडे पाहतात. गाणाऱ्यांनी स्वतःविषयी काही लिहून ठेवलेले नाही. १८८० साली रत्नागिरी व सावंतवाडी यांचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. पण जमीन, बंदरे, व्यापार आणि लोकसंख्या यांची मोजदाद करणाऱ्या ग्रंथाकडून अंगणातील गाण्याची मोजदाद अपेक्षिताही येत नाही. म्हणून यापुढे समूहाच्या बांधणीकडेच वळावे लागते.

३. समूहाची बांधणी : खळे आणि मांड

मालवणी मुलखातील स्त्रीगीतांचे वर्ष शेतीच्या वर्षाशी बांधलेले आहे. आषाढ-श्रावणात लावणी उरकते आणि भात पोसवू लागते. त्या उसंतीत भाद्रपदातील चवथ येते. आश्विन-कार्तिकात कापणी व मळणी होऊन धान्य घरात आले म्हणजे पौषाच्या कोरड्या, थंड रात्री मोकळ्या मिळतात. पहिल्या उसंतीत फुगडी बसते, दुसरीत धालो.

दोघींनी हातांची अढी घालून गरगर फिरण्याची फुगडी महाराष्ट्रभर परिचित आहे. कोकणात तिच्या जोडीला अनेकींनी गोल धरून, वाकून, टाळ्या देत व पावले टाकीत खेळावयाची समूहफुगडी विशेष प्रचारात आहे. तिला वाद्य लागत नाही. टाळी आणि पाऊल हाच ताल आणि वेग वाढल्यावर तोंडाने काढलेला ‘फू’ हाच ठेका. गणपतीपुढे, गौरीच्या रात्री, पाऊस असल्यास ओटीवर वा पडवीत आणि उघडीप असल्यास खळ्यात ती रंगते. गौरीचा ओवसा घेऊन आलेली नवी सून या वेळी प्रथमच सासरच्या गोलात उभी राहते.

धालोची घडण अधिक बंदिस्त आहे. त्याला ठरलेली जागा लागते. तिला मांड म्हणतात. मांड सारवून घेतला जातो, देवतांना नमन होते आणि मग स्त्रिया एकमेकींच्या कमरेभोवती हात गुंफून समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात. एक रांग गाण्याचे चरण म्हणत वाकून पुढे येते व मागे हटते. दुसरी रांग तेच चरण परत म्हणत तशीच पुढे येते. पाच, सात किंवा नऊ रात्री हा क्रम चालतो. अखेरच्या दिवशी काही स्त्रियांच्या अंगात येते. त्यांना रंभा म्हणतात. त्याच सुमारास स्त्रिया नाना सोंगे आणतात आणि त्यांत पुरुषाचे सोंगही असते. मांडावर पुरुषांना स्थान नसते.

या मुलखातील दुसऱ्या विख्यात रंगपरंपरेशी, म्हणजे दशावताराशी, हे ताडून पाहण्यासारखे आहे. दशावतारात देवळाच्या जत्रेत, सर्व गावासमोर, पुरुष नट स्त्रीची भूमिका घेतात. धालोत रात्री, बंदिस्त मांडावर, स्त्रिया पुरुषाची भूमिका घेतात. एका परंपरेला मंडळी आहेत, नावाजलेले नट आहेत, मानधन आहे आणि म्हणून इतिहासही आहे. दुसरीला यांपैकी काही नाही. दोन्हींचा मुलूख एक, प्रेक्षकांची घरेही तीच. इतिहासात जागा मिळाली ती मात्र जत्रेतल्या नाटकाला.

दोन रांगांच्या रचनेचा आणखी एक अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. गाणे उचलणारी स्त्री जाणती असते. परत म्हणणाऱ्यांत नव्या सुना असतात, लहान मुलीही असतात. परत म्हणणाऱ्यांना गाणे आधी येत असावे लागत नाही, म्हणताना ते येते. अशा रीतीने पुनरुक्ती हीच येथील पाठशाळा ठरते. दुसरीकडे तीच पुनरुक्ती परीक्षाही घेते. गाणे उचलणारीने नवा चरण घातला आणि समोरच्या रांगेने तो सहज उचलला, तर तो टिकतो. रांग अडखळली तर तो तेथेच गळतो. गाण्याला एक कर्ती नसते असे जे म्हटले जाते, त्याचा नेमका अर्थ हा आहे. कर्ती असते, पण तिच्या रचनेवर समूहाची मोहोर उठल्याशिवाय ती रचना जगत नाही.

समूहाच्या मर्यादेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. कोकणातील गाव वाड्यांचे बनलेले असते आणि वाडीची घडण बहुधा भावकीवर व जातीवर उभी असते. मांड वाडीचा, म्हणून समूहही वाडीचा. गाबीत, भंडारी, मराठा, दलित, सारस्वत अशा निरनिराळ्या समाजांतील स्त्रिया एकाच गावात राहूनही एका मांडावर गात असत, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. गोलातील सख्यभाव खरा होता. पण गोल कोणाभोवती काढला जाई हेही तितकेच खरे होते.

४. टिकून राहण्याची कारणे

हे गायन इतके का टिकले, याची कारणे केवळ श्रद्धेत शोधणे पुरेसे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील पुरुष गिरणीत, गोदीत व घरकामास मोठ्या संख्येने गेले. शेती, गुरे, म्हातारी माणसे आणि देवधर्म मागे राहिलेल्या स्त्रियांवर पडले. या स्थितीची खूण जनगणनेत आजही दिसते. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०७९ स्त्रिया होत्या. २०११ साली १०३६. त्याच २०११ साली संपूर्ण महाराष्ट्राचे प्रमाण ९२९ होते.

पुरुषांच्या या गैरहजेरीने समूहाला दोन गोष्टी दिल्या. रोजच्या कामात वाडीतील स्त्रियांना एकमेकींवर अवलंबून राहावे लागले. ज्या हातांनी एकमेकींची लावणी केली त्याच हातांनी मांडावर रांग गुंफली. दुसरे असे की, चाकरमानी घरी येण्याचा मोठा प्रसंग म्हणजे चवथ. त्यामुळे फुगडीला वर्षातील एक निश्चित आणि उत्साहाचा मुहूर्त लाभला. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील गिरण्या बंद पडत गेल्या, १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. रोजगार आणि प्रवास दोन्ही बदलले. पण चवथीला घरी येण्याचा परिपाठ मोडला नाही आणि त्याच्या आधाराने फुगडीही राहिली. धालोला असा आधार नव्हता. पौषात सुट्टी नाही, चाकरमानी घरी नाही, शाळा-कचेऱ्या चालू. म्हणून धालोचे क्षेत्र आकसत गेले, तर फुगडीचे वाढले.

५. संकलनाचे ऋण आणि त्याची उणीव

विसाव्या शतकात स्त्रीगीतांच्या संकलनाचे थोर कार्य झाले. रत्नागिरी जिल्ह्यातील पालगडचे साने गुरुजी यांनी ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात ओव्या एकत्र केल्या. कमलाबाई देशपांडे यांनी १९४८ साली आपल्या ग्रंथाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ हे मार्मिक नाव दिले. वेदांना लावले जाणारे विशेषण स्त्रीगीतांना लावून त्यांनी त्या गीतांची प्रतिष्ठा आणि त्यांचे कर्तृत्व या दोन्हींकडे एका शब्दात लक्ष वेधले. दुर्गा भागवतांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली, तर सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली शासनाच्या लोकसाहित्य समितीने अनेक खंड प्रसिद्ध केले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी प्रामुख्याने पुणे जिल्ह्यापासून आरंभ करून जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव नोंदविण्याची आणि तिचा आवाज ध्वनिमुद्रित करण्याची दक्षता त्या कार्यात घेतली गेली.

या सर्वांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. संकलनाची बहुतेक पद्धत ओवीसाठी घडली आणि ओवी एका स्त्रीजवळ बसून उतरवून घेता येते. धालो व समूहफुगडी तशी उतरवून घेतली की तिचे अर्धे अंग गळते. छापील पानावर चरण एकदाच येतो. मांडावर तो दोनदा येतो आणि दुसऱ्यांदा तो म्हणणाऱ्या स्त्रिया निराळ्या असतात. ‘हेच चरण पुन्हा’ अशी सूचना देऊन संपादक पुढे जातो, पण समूहाचा इतिहास नेमका त्या गाळलेल्या पुनरुक्तीत असतो.

६. मांडावरून व्यासपीठावर

अलीकडच्या काही दशकांत या गायनाची जागा बदलली आहे. गिरणीच्या दळपामुळे जाते आणि गिरणीच्या भातामुळे उखळ-मुसळ घरातून गेले, तेव्हा श्रमगीताची जागा संपली. गणेशोत्सवात फुगडी स्पर्धा भरू लागल्या. ठराविक वेळ, ठराविक संख्या, एकसारख्या साड्या, ध्वनिक्षेपक आणि परीक्षक हे त्यांचे सामान्य रूप झाले. दुसरीकडे महिला भजनी मंडळे उभी राहिली. कोकणात बुवांच्या डबलबारीने गाजलेला भजनाचा प्रकार मुख्यतः पुरुषांचा. त्याची पेटी, मृदंग, टाळ आणि अभंगांची वही आता स्त्रियांनी हाती घेतली.

हा बदल केवळ ऱ्हास मानणे न्याय्य होणार नाही. भजनी मंडळाला नाव आहे, फलक आहे, सभासद आहेत. वाडीबाहेर, तालुक्याबाहेर जाऊन गाण्याची मुभा आहे. जुन्या गोलात ज्यांना जागा नव्हती अशांनाही मंडळात येण्याचा मार्ग निदान तत्त्वतः खुला आहे. मालवणी बोलीला रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळाली ती १९८० साली रंगमंचावर आलेल्या गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ या नाटकाने. त्या नाटकाचा पायाही पुरुषांचा दशावतार हाच होता. त्याच बोलीतील स्त्रियांचे गाणे व्यासपीठावर येण्यास त्यानंतरही बराच काळ जावा लागला, हे लक्षात घेता व्यासपीठाचा मोह समजण्यासारखा आहे.

तथापि या स्थलांतरात काय मागे राहिले याची नोंद व्हावयास हवी. व्यासपीठावरील गोल प्रेक्षकांकडे उघडावा लागतो. खळ्यातील गोल आत वळलेला असे. मांडावर ऐकणारे कोणी नव्हते, सगळ्याच गाणाऱ्या होत्या. म्हणून सासूची थट्टा, नवऱ्यावरची कुरकुर आणि अंगात आल्यावर बोलले जाणारे बोल तेथे निर्धास्त निघत. स्पर्धेत निवडक बारा जणी तालीम करून येतात. ज्यांना गाणे येत नाही त्यांना निवडले जात नाही, म्हणजेच परत म्हणता म्हणता शिकण्याची वाट बंद होते. म्हातारीला वेग झेपत नाही म्हणून ती गळते आणि तिच्यासोबत गाणे उचलण्याचे काम करणारी स्मृतीही गळते. आवाज वाढला, समूह मात्र लहान झाला.

७. समारोप

मालवण किनाऱ्यावरील स्त्रियांच्या समूहगायनाचा इतिहास व्यक्तींच्या वा संस्थांच्या चरित्रासारखा लिहिता येत नाही. उखळाभोवतीची पाळी, खळ्यातील गोल, मांडावरील दोन रांगा आणि व्यासपीठावरील ओळ या चार आकृतींच्या क्रमाने तो लिहिता येतो. प्रत्येक आकृतीमागे श्रमाची, कुटुंबाची व लोकवस्तीची विशिष्ट स्थिती आहे आणि ती स्थिती तहनामे, जनगणना व हुकूमनामे यांच्याशी पडताळून पाहता येते.

यावरून पुढील संशोधनासाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. ज्या गावांत मांड अद्याप भरतो किंवा भरत असल्याची आठवण आहे, तेथे गाण्याच्या शब्दांबरोबर मांडाची जागा, रांगांचा क्रम, गाणे उचलणारीचे माहेर आणि सासर, तिने ते कोणाकडून घेतले, कोणत्या घरांतील स्त्रिया येत व कोणत्या येत नसत, यांची नोंद व्हावी. दोन्ही रांगांचे आवाज स्वतंत्रपणे मुद्रित व्हावेत आणि पुनरुक्ती गाळली जाऊ नये. मांडावर पुरुषांना मज्जाव असल्याने हे काम स्त्री-संशोधकांनी, गाणाऱ्यांच्या संमतीने आणि त्या जे सांगू इच्छीत नाहीत ते न विचारता करावे लागेल. ज्यांनी हे गाणे रांगेत उभे राहून शिकून घेतले त्या आज वृद्ध आहेत. त्यांच्याकडून शब्द पुढेही कदाचित मिळतील. रांग कशी उभी राहत असे हे सांगणारे दुसरे कोणी नाही.